म्हशीचा उजवा बुश

आमच्या इंजिनाला म्हस म्हणतात. तिचं मूळ नाव काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, कारण नावाची पितळी पाटी कारखाना बंद पडला तेव्हाच कुणीतरी उपटून नेली. काळं अंग, आखूड पाय, चढाला लागली की फुरफुरायची आणि एकदा बसली की उठायचं नाव नाही. ऊस वाहणाऱ्या लोकांनी ठेवलेलं नाव अगदी योग्य होतं. कोल्हापुरात कुणाला म्हस म्हटलं म्हणजे त्याचा अपमान केला असं समजू नका. इथं दिवाळीत म्हशी सजवून रस्त्यावरून पळवतात, आणि बायकोचं कौतुक करायला लाजणारा माणूस म्हशीच्या शिंगांबद्दल तासभर बोलू शकतो.

नदीकाठच्या त्या बंद साखर कारखान्यात म्हस गंजत पडलेली बघून आम्ही काही रिकामटेकडी मंडळी एकत्र आलो. पुढारी भैरवीताई. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आवारातला किलोमीटरभर रूळ आणि ही म्हस मिळून एक छोटी रेल्वे उभी करायची, शाळेच्या पोरांना तिच्यातून फिरवायचं, ही त्यांची कल्पना. दुसरा विश्वजित. त्याची शिरोलीत फौंड्री आहे, म्हणून सगळं ओतकाम त्याच्या गळ्यात. तिसरा मी, आकाराम. उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे. साठी उलटली आहे. लोक मला तिरसट म्हणतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बाकीचे स्वयंसेवक रविवारी येतात, फोटो काढतात आणि हात काळे झाले की घरी जातात.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही कुणी अंगारा घेऊन दारात आला तर मी त्याला चहा न देता वाटेला लावतो. तरीही जे झालं ते झालं.

इंजिनाच्या दोन्ही अंगांना चाकं जोडणारा एकेक जाड पोलादी दांडा असतो. त्याच्या टोकांच्या भोकांत धातूच्या जाडजूड बांगड्या बसवतात, त्यांना बुश म्हणायचं. चाकाची खुंटी त्या बुशात फिरते. म्हशीचे चारही बुश झिजून कागदासारखे झाले होते. नवे ओतायचे ठरल्यावर भैरवीताईंच्या अंगात इतिहास संचारला. म्हणाल्या, "बाजारातून धातू आणायचा नाही. लोकांच्या घरातलं जुनं तांबं-पितळ मागू या. गावाचं इंजिन आहे, गावाच्या भांड्यांतून उभं राहू दे."

"ताई, भांड्याच्या पितळंचा बुश आठवडाबी टिकणार न्हाय," विश्वजित म्हणाला. "तांबं आनि कथील घालून कासं करून घ्यावं लागंल."

"मग घाला. पण सुरुवात भांड्यांपासूनच."

लोकांनी चेपलेली घंगाळं आणली, बिनदांड्याच्या पळ्या आणल्या, कुणी मोडकी समई आणली. दिवाळीनंतर एका सकाळी ओतकाम ठरलं, आणि आमच्या आक्कानं हट्ट धरला की मलाही फौंड्रीत यायचंय.

आक्का म्हणजे माझी आई. सावत्र आई असं म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, म्हणून मी ते म्हणत नाही. मला जन्म दिलेली हौसा मी रांगत होतो तेव्हाच तापानं गेली. वर्ष सरलं आणि बाबांनी शाहूवाडीकडची धोंडुबाई करून आणली. सतरा वर्षांची पोरगी आली ती थेट माझं ढुंगण धुवायलाच लागली. मी तिला आक्का म्हणायला कधी शिकलो ते मला आठवत नाही. आज ती अठ्ठ्याहत्तरीची आहे. कान शाबूत आहेत, जीभ त्याहून शाबूत आहे.

फौंड्रीत तिनं पदराखालून एक चेपलेला तांब्या काढला. "ह्यो माझा," म्हणाली, "आनि माझ्या हातानं टाकनार."

आम्ही प्रत्येक बुशाचा धातू वेगळ्या मुशीत वितळवत होतो. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. धातू आधी गारच भरतात आणि मग भट्टीत ठेवतात, तेव्हा म्हातारीला भीती काही नव्हती. तिनं चारही मुशींकडे पाहिलं आणि विचारलं, "आकाराम, इंजान चालवताना तू कुठल्या अंगाला उभा ऱ्हानार?"

"उजव्या."

"मग त्या अंगाची मूस कंची?"

विश्वजितनं उजव्या पुढच्या बुशाची दाखवली. तिनं तांब्या तिच्यात ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, "चला, पेटवा."

मला वाटलं, म्हातारीची लहर. आमच्याकडे खंडेनवमीला लेथलाही हळदकुंकू लागतं, तर मुशीला हात जोडले म्हणून काय बिघडलं.

बुश ओतले, मी ते लेथवर कातले, आणि संक्रांतीच्या सुमारास दांड्यात बसवले. उजव्या बाजूचा पुढचा बुश कातताना थोडा जास्त चमकतोय असं वाटलं होतं. भांड्यातली काहीतरी भेसळ असेल म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतरच्या रविवारी चांगलीच थंडी होती. नदीवरून धुकं आलं होतं आणि शेडमधल्या लोखंडाला हात लावला की कळ डोक्यात जात होती. आवारातली कुत्री नुकतीच व्यायली होती. गोणपाट घालून तिची सोय आम्ही दारामागं केली होती. ती तिथं नव्हती. पिल्लं तोंडात धरून तिनं म्हशीच्या उजव्या पुढच्या चाकाखाली मुक्काम हलवला होता. एवढी जागा सोडून लोखंडाखाली कशाला मरायला आली, असं म्हणत मी वंगण भरायला वाकलो आणि बुशावर तळहात टेकला.

तो कोमट होता.

म्हणजे तापलेला नाही. शेकोटीजवळच्या वस्तूसारखाही नाही. झोपलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा, तेवढा. मी झटक्यानं हात काढला. पलीकडच्या बाजूला जाऊन डाव्या बुशाला हात लावून बघितला. बर्फ. पुन्हा उजव्याला. कोमट.

बॉयलरमध्ये त्या वेळी थेंबभर पाणी नव्हतं. म्हशीत विस्तव पडून चाळीस वर्षं होऊन गेली होती.

मी विश्वजितला हाक मारली. त्यानं हात लावला आणि माझ्याकडं बघतच राहिला. "सूर्याचं ऊन पडलं असंल," म्हणाला. शेडमध्ये ऊन येत नाही हे त्यालाही माहीत होतं. मग भैरवीताई आल्या. त्यांच्याकडे दुरून तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र होतं. त्यांनी चारही बुशांवर ते रोखलं. चारही आकडे सारखे.

"बघा," त्या म्हणाल्या, "काही नाही. तुमच्या हाताचा भ्रम आहे." आणि शास्त्रापुरता म्हणून स्वतःचा हात टेकवला. मग हात पदराला पुसला. त्या दिवसापासून त्या शेडमध्ये आल्या की वळसा घालून म्हशीच्या डाव्या अंगानं जायच्या.

मी चिडलो. माझ्या हातचं काम आणि त्याला असला रोग लागावा? पुढच्या काही रविवारी मी बुशाची मापं घेतली, खुंटी तपासली, वंगण बदललं, दांडा ढिला करून पुन्हा आवळला. प्रत्येक वेळी तोच कोमटपणा. लोखंड गार आणि मधली ती बांगडी कोमट. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. शेडमध्ये एकटा असलो की पाठीमागं कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. मी वळायचो, तर नुसती म्हस उभी.

मग हळूहळू काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी तिथंच बसायला लागलो. डबा चाकाला टेकून खायचो. चहाचा कप एका हातात आणि दुसरा हात बुशावर. त्या उबेची मला ओळख होती. कुठली ते ध्यानात येत नव्हतं, पण हात तिथं ठेवला की माझा ताठा उतरायचा, आणि हा चमत्कार माझ्या बायकोलाही आजवर जमला नव्हता. कुत्रीची पिल्लं माझ्या पायावर झोपायची. मला बरं वाटायचं. भीती होतीच, पण तिच्यासकट बरं वाटायचं.

इकडे घरात उलटं चाललं होतं. शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, आम्ही पंखे लावले आणि आक्का स्वेटर घालून बसायला लागली. मग स्वेटरवर शाल. मग शालीवर घोंगडं. हात धरला तर माठासारखा गार. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "वयाच्या मानानं ठणठणीत आहेत," म्हणाले. ठणठणीत बाई भर दुपारी कुडकुडत होती. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. आक्काचं बोलणं कमी होणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा.

एके दिवशी माझी बायको वर्षाराणी तिला पहिल्यांदाच अंघोळ घालून बाहेर आली ती पांढरीफटक होऊन.

"आक्कांच्या गळ्यात टाक न्हाय," म्हणाली.

आमच्यात पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची ठसवलेली आकृती. मेलेलीचा जीव संसारात घोटाळत असतो, तिनं सवतीचा घास घेऊ नये म्हणून ही सोय. नवं लुगडं नेसायचं तर आधी टाकाला दाखवायचं, गोडधोड झालं तर पहिला घास टाकाला. आक्कानं हे सगळं साठ वर्षं केलं. हौसाचा एकही फोटो नाही. माझी आई मला ठाऊक होती ती एवढीच, काळ्या दोऱ्यातली चांदी, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, आणि तेही धुऊन धुऊन पुसट झालेले. लहानपणी आक्का मला कुशीत घ्यायची तेव्हा तो टाक माझ्या गालाला लागायचा. तिच्या अंगावर राहून तो कायम कोमट असायचा.

हे आठवलं आणि मी आपला तळहात गालाला लावला. ती ओळख इथली होती.

आम्ही घर उलथंपालथं केलं. देवघर, ट्रंका, गाद्या, न्हाणीची मोरी. आक्का घोंगड्यातून बघत होती. शेवटी म्हणाली, "कशाला जीव काढताय? पडला असंल त्या तांब्यात. त्यातच काढून ठेवायची सवय हुती मला."

वर्षाराणीनं कपाळावर हात मारला. "आवो, म्हंजे थोरल्या सासूबाई त्या इंजनात गेल्या की!"

झालं. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्या येत त्या एकच बोलत. टाक गळ्यातनं गेला, राखण गेली, आता सवत बोलवायला लागलीय. म्हणून अंग गार पडतंय. वर्षाराणी मला बाजूला घेऊन रडली. "काय बी करा, पर आक्कांस्नी राखा. मला त्यांच्याबिगर ह्या घरात दिवस काढायची सवय न्हाय." या दोघींची भांडणं मी तीस वर्षं ऐकली आहेत.

भुतं न मानणारा मी दुसऱ्याच दिवशी हुपरीची बस धरून गेलो. तिथला नृसिंह नावाचा चांदीकाम करणारा आमच्या घराण्याचे टाक पिढीजात घडवतो. त्याला म्हटलं, तसाच नवा टाक करून दे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"करून देतो की. पर त्यो नुसता पत्रा हुईल, पावणं. जुना टाक गंगंत सोडल्याबिगर नवा बसत न्हाय, ही आपली रीत. तुमची आई तर तिकडं चाकात हाय. तिला आधी सोडवा. मग या."

परतताना बसमध्ये मी एकच हिशोब करत होतो. एक आई मी पाहिली नाही. मला तिचा आवाज माहीत नाही, ती गोरी होती की सावळी तेही माहीत नाही, आणि साठी उलटल्यावर ती मला सापडली होती, एका बुशात. दुसरी आई घरात गार पडत चालली होती. एकीला वाचवायचं तर दुसरीला पुन्हा गमवायचं. आणि उघडच सांगतो, मला बुश काढायचा नव्हता. माझी त्याच्यावरून हात उचलायची इच्छा नव्हती. बस कोल्हापुरात शिरेपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होतो, कारण जिनं मला वाढवलं त्या बाईच्या जिवासमोर मी माझा तळहात तोलत होतो.

गुढीपाडव्याला म्हस पहिल्यांदा चालवायची ठरली होती. निमंत्रणं गेली होती. पाडवा चार दिवसांवर असताना मी शेडमध्ये जाऊन सांगितलं, उजवा बुश काढणार.

भैरवीताई कडाडल्या. "आकाराम, बॉयलर पास झालाय, शाळांना कळवलंय, आणि तुम्ही आत्ता दांडा उतरवणार? कशासाठी? गल्लीतल्या बायका म्हणतात म्हणून?"

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही डाव्या बाजूनं का जाता?"

त्यांनी म्हशीच्या उजव्या चाकाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काढा. पण पाडव्याआधी काहीतरी बसवा."

विश्वजित आणि मी दांडा उतरवला. लाकडी ठोकळा लावून मी बुश ठोकून काढला. बुश बाहेर आला तेव्हा विश्वजितनं हात पुढं केला नाही. मी तो टॉवेलात गुंडाळला आणि पोटाशी धरून घरी आलो. रिक्षावाला विचारत होता, "काय आजारी जनावर हाय काय?" कारण मी तसाच धरला होता.

दुपार होती. आक्का पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, घोंगडं हनुवटीपर्यंत. मी टॉवेल उघडून बुश तिच्या मांडीवर ठेवला.

"ही घे तुझी सवत," म्हटलं. "चुकून गेलती. परत आणली. आता गार पडू नकोस."

आक्कानं बुशावर दोन्ही हात ठेवले. मग तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी लहानपणी दुधाचं भांडं सांडल्यावर बघायची तसं.

"चुकून?" ती म्हणाली. "आरं शाण्या, दोऱ्याची गाठ अशी आपोआप सुटती व्हय? मी टाकला तिला. माझ्या हातानं. कंच्या मुशीत टाकायचा ते इचारून टाकला."

वर्षाराणी दारात उभी होती. तिच्या हातातलं ताट कलंडलं.

"का?" मी ओरडलोच. "तुला म्हाईत हुतं ना काय हुईल ते? साठ वर्सं जपलास आनि आता…"

"साठ वर्सं जपला म्हनूनच. मी काय आता कायमची हाय का? मी गेल्यावं तुम्ही तिला माझ्यासंगं नदीत सोडनार. वर्षाराणी काय तिला गळ्यात घालनार न्हाय, ती काय तिची सवत न्हवं. मग तिचं कोन?" आक्का दमली, थांबली, पुन्हा बोलायला लागली. "ती तापानं फणफणली हुती तवा तुला तिच्याजवळ दिलं न्हाय. दार लावलतं. तू भाईर रडत हुतास आनि ती आत. शेवटपत्तुर पोराला हात लागला न्हाय तिचा. ही गोष्ट मला तुझ्या आज्जीनं सांगितली, लगीन झाल्याव. तवापास्नं ती माझ्या गळ्यात हाय, आनि रोज मला वाटायचं, पोर माझ्या मांडीवर खेळतंय आनि ही बया नुसती बघतीया. तू माझ्या कुशीत यायचास ते तिच्याजवळ बी यायचास, पर तुला काय ठावं. मग तू त्या इंजनाचा नाद घेतलास. दीस-दीस हात लावून बसायचास. म्हटलं, बाई, जा. आता तुझी पाळी. लाव एकदा हात पोराला."

मी पलंगाच्या कडेला टेकलो.

"आनि गार पडतोय ते तिनं धरलंय म्हनून न्हाय," आक्का म्हणाली. "साठ वर्सं ह्या अंगात दोघींची ऊब हुती. आता माझी एकटीची उरली. ती एवढीच हाय. त्याला काय करायचं."

तिनं बुश माझ्याकडं सरकवला. "जा, बसव परत. पाडवा हाय."

मी तो घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकलं नाही. घोंगडं वर केलं, बुश तिच्या छातीशी, जिथं टाक असायचा तिथं ठेवला आणि तिचे दोन्ही हात त्याच्यावर आणले. मग वाकून, आक्काला की बुशाला ते मलाही माहीत नाही, पण म्हटलं, "आई, मला हात लागला. पोचला तुझा हात. आता हिला बघ."

आक्का शिव्या देत होती. देता देता तिचा आवाज जड झाला आणि ती झोपली. वर्षाराणी आणि मी पलंगाजवळ जमिनीवर बसून राहिलो. मला वाटत होतं, आज दोघीही जाणार. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आउट आहे की नाही यावर भांडत होतं, आणि मी म्हातारीच्या नाकाशी बोट धरून बसलो होतो.

उन्हं कलायला लागली तेव्हा तिनं घोंगडं पायानं उडवून दिलं.

"काय गदमदाय लागलंय," म्हणाली. "पंखा कुनी बंद केला?"

वर्षाराणी उठून पंखा लावायच्या आधी तिच्या गळ्यातच पडली. मी आक्काचा हात धरला. ऊन-ऊन हात. कपाळावर घामाचे थेंब. ती चहा मागत होती, त्यात आलं घाल म्हणत होती, दारातल्या पोरांना दम देत होती. मी बुश उचलला.

गार होता. गुळगुळीत, जड आणि गार, बाकीच्या तीन बुशांसारखा. मी तो दोन्ही हातांत चोळला, गालाला लावला. काही नाही. कातलेला धातू. सगळीच्या सगळी ऊब ती देऊन गेली होती, जिची राखण म्हणून लोकांनी साठ वर्षं तिला दोऱ्यात बांधून ठेवलं, त्याच बाईला. मला वाढवलेल्या बाईला. बाहेरच्या खोलीत जाऊन मी ढसाढसा रडलो. मी रांगत होतो तेव्हा रडलो असेन, त्यानंतर हौसासाठी रडायची ही पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं जाऊन डोक्यावरचे केस काढले, मिशीही काढली आणि नदीवर अंघोळ केली. आई गेली की मुलानं जे करायचं ते माझं राहूनच गेलं होतं. मग शेडमध्ये जाऊन बुश दांड्यात बसवला. एका दमात बसला. विश्वजितनं त्याला हात लावला, माझ्या डोक्याकडं बघितलं, आणि पुढं होऊन दांड्याचं दुसरं टोक धरलं. कुत्री पिल्लांना घेऊन पुन्हा दारामागच्या गोणपाटावर गेली होती.

पाडव्याला म्हशीच्या धुराड्याला साखरेची माळ घातली होती. बॉयलरमध्ये वाफ धरली होती, शाळेची पोरं डब्यात बसून किंचाळत होती. सणाच्या दिवशी मी तुळतुळीत डोकं घेऊन आलेला बघून लोक बाजूला सरकत होते. आक्का लिंबाखाली खुर्चीवर बसली होती, स्वेटर नाही, शाल नाही, हातात चहाची बशी.

भैरवीताई धावत आल्या, या वेळी उजव्या बाजूनंच. "अहो आकाराम, आज पाडवा! हे काय? कोण गेलं?"

मी दांडा धरून नुसता उभा राहिलो.

"त्येची आई गेली," आक्कानं खुर्चीतून ओरडून सांगितलं.

भैरवीताईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पण आक्का, तुम्ही तर…"

"मी हाय की," आक्का म्हणाली आणि बशीतला चहा ओढला. "मी कुठं गेलोय? हलवा आता म्हस, पोरं ताटकळल्यात."